घरातल्या तंबूसाठी एलईडी दिवा निवडताना

शहरी सदनिकेत ऊन ही आता हमखास मिळणारी गोष्ट राहिलेली नाही. शेजारची चार मजली इमारत पाडून तिथे वीस मजल्यांचा मनोरा उभा राहिला, की वर्षानुवर्षे कढीपत्ता आणि मिरची देणारी बाल्कनी ओकीबोकी होते. अनेक घरांत तर बाल्कनीच उरलेली नाही. ती केव्हाच बैठकीच्या खोलीत सामावून गेली आहे. अशा घरांत पालेभाजी, बेसिल, पुदिना किंवा मिरचीची रोपे वाढवण्याची हौस असलेल्यांपुढे 'ग्रो टेंट'चा पर्याय येतो. बाहेरून जाड काळे कापड, आतून आरशासारखे चकाकणारे अस्तर, पुढे चेन, वर दिवा टांगायला दांड्या आणि हवा खेळण्यासाठी गोल तोंडे, असा हा कपाटवजा तंबू असतो. तळ ६० बाय ६० सेंटिमीटर म्हणजे साधारण दोन फूट बाय दोन फूट आणि उंची १४० ते १६० सेंटिमीटर, हा त्याचा घरगुती वापराचा लहान आकार. कपड्यांच्या कपाटाशेजारी तो सहज मावतो.

तंबू निवडण्यात फारशी चूक होत नाही. पैसे वाया जातात ते दिव्यात. खोक्यावर '१००० वॉट' असे ठळक अक्षरांत छापलेला दिवा मोठ्या उत्साहाने आणला जातो आणि तीन आठवड्यांनी मेथी सुतासारखी बारीक, लांब आणि फिकट होऊन आडवी पडते. किंवा याउलट, पाने पांढरी पडून करपतात आणि विजेचे बिल मात्र वरच्या टप्प्यात जाऊन बसते. दोन्ही प्रकारांचे मूळ एकच आहे. ग्राहक जो आकडा पाहून दिवा घेतो, तो आकडा रोपाला कळतच नाही.

वॉट म्हणजे प्रकाश नव्हे

वॉट हे दिव्याने खाल्लेल्या विजेचे माप आहे. त्याने दिलेल्या प्रकाशाचे नव्हे. त्यातही खोक्यावरचे '१००० वॉट' हे बहुधा खाल्लेल्या विजेचेही माप नसते. त्या दिव्यातील प्रत्येक चिपची कमाल क्षमता आणि चिपची संख्या यांचा गुणाकार करून किंवा 'जुन्या काळच्या अमुक दिव्याच्या तोडीचा' असा आधार घेऊन तो आकडा काढलेला असतो. प्रत्यक्षात असा दिवा शंभर-सव्वाशे वॉटच ओढताना आढळतो. एकेकाळी हातात मावणाऱ्या टेपरेकॉर्डरवर '५००० वॉट पीएमपीओ' अशा चिकटपट्ट्या झळकत असत, त्याच घराण्यातली ही चलाखी आहे. म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा, की दिवा भिंतीतील सॉकेटमधून प्रत्यक्ष किती वॉट घेतो? हा आकडा माहितीपत्रकात कुठेतरी बारीक अक्षरांत असतोच. तो दिलेलाच नसेल, तर दिवा परत ठेवून द्यावा.

खोक्यावरचे ल्युमेन आणि लक्सही इथे थेट उपयोगाचे नाहीत. ही मापे माणसाच्या डोळ्यासाठी बनवलेली आहेत. माणसाच्या डोळ्याला हिरवा-पिवळा प्रकाश सर्वांत प्रखर वाटतो आणि गडद लाल किंवा निळा मंद वाटतो. रोपाचा हिशेब वेगळा आहे. प्रकाशसंश्लेषणासाठी ते फोटॉन म्हणजे प्रकाशकण मोजते. ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा जवळजवळ प्रत्येक कण त्याच्या कामाचा असतो. हे कण इतके असंख्य असतात, की रसायनशास्त्रातले 'मोल' हे एकक वापरून ते मोजावे लागतात. मोलचा दहा लाखावा भाग म्हणजे मायक्रोमोल. दर सेकंदाला एक चौरस मीटर जागेवर किती मायक्रोमोल प्रकाशकण पडतात, हा पानाच्या दृष्टीने खरा आकडा. माहितीपत्रकात तो 'पीपीएफडी' या नावाने असतो. दिव्यातून दर सेकंदाला एकूण किती कण बाहेर पडतात, तो आकडा 'पीपीएफ'. आणि दिवा एका ज्यूल विजेत किती मायक्रोमोल कण देतो, तो आकडा म्हणजे दिव्याचा 'अ‍ॅव्हरेज'. स्कूटर घेताना लिटरला किती किलोमीटर हे विचारले जाते, अगदी तसेच.

या मापाने पाहिले की घरातला काळोख लक्षात येतो. स्वच्छ आकाशाच्या भर दुपारी उघड्यावर सुमारे २००० मायक्रोमोल प्रकाश असतो. बैठकीच्या खोलीत रात्री दिवे लावल्यावर जे दीडशे ते तीनशे लक्स मिळतात, ते या हिशेबात जेमतेम दोन ते पाच मायक्रोमोल भरतात. माणसाची बाहुली मोठी होऊन ही तफावत झाकून टाकते. पानाला बाहुली नसते. 'आमच्या घरात भरपूर उजेड आहे' असे म्हणत खिडकीपासून चार फुटांवर ठेवलेली तुळस म्हणूनच वाळते.

किती प्रकाश पुरे?

कोवळ्या रोपांना आणि मायक्रोग्रीन्सना १०० ते २०० मायक्रोमोल पुरतात. लेट्यूस, मेथी, पालक, बेसिल, पुदिना यांना २०० ते ३००. मिरची किंवा छोट्या जातीचे टोमॅटो यांनी नुसती पाने न देता फळे द्यावीत अशी अपेक्षा असेल, तर ४०० ते ६००. याच्या जोडीने दिवा किती तास चालतो हेही पाहावे लागते, कारण रोप दिवसभराची बेरीज करते. २५० मायक्रोमोलचा प्रकाश १४ तास मिळाला तर दिवसाचे सुमारे साडेबारा मोल होतात. पालेभाजीसाठी १२ ते १७ मोल ही चांगली मर्यादा मानली जाते. लेट्यूसला १७ मोलच्या पुढे नेऊन हवा खेळती ठेवली नाही, तर वाढ इतक्या वेगाने होते, की आतल्या कोवळ्या पानांच्या कडांपर्यंत कॅल्शियम पोचत नाही आणि त्या काळ्या पडतात. अधिक प्रकाश म्हणजे अधिक भाजी, हे समीकरण इथे थांबते.

ग्रो टेंटविषयीची बरीचशी माहिती परदेशातून येते आणि तिच्यात '८०० ते १००० मायक्रोमोल', '१८ तास उजेड आणि मग १२ तास' असे आकडे वारंवार दिसतात. हे आकडे मुख्यतः गांजाच्या झाडाचे आहेत. काही देशांत त्याची घरगुती लागवड कायदेशीर असल्याने दिवे आणि तंबूंचा बाजार त्याच पिकाभोवती वाढला. भारतात १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार परवान्याविना ती लागवड गुन्हा आहे. तंबू आणि दिवा बाळगणे मात्र गुन्हा नाही. मुद्दा असा, की त्या पिकासाठीची शिफारस वाचून कोथिंबिरीसाठी दिवा घेतला, तर गरजेच्या तिप्पट-चौपट दिवा घरी येतो.

हिशेब अवघड नाही. ६० बाय ६० सेंटिमीटरचा तळ म्हणजे ०.३६ चौरस मीटर. पालेभाजीसाठी २५० मायक्रोमोल धरले, तर पानांवर सेकंदाला ९० मायक्रोमोल पडायला हवेत. दिव्यातून निघालेला सगळा प्रकाश पानांवर पोचत नाही. काही भिंतीत जिरतो, काही सांदीकोपऱ्यांत जातो. चांगल्या तंबूत सुमारे ८० टक्के पोचतो असे धरले, तर दिव्याने सुमारे ११२ मायक्रोमोल द्यायला हवेत. ज्यूलला अडीच मायक्रोमोल देणारा दिवा असेल, तर हे काम ४५ वॉटमध्ये होते. ज्यूलला सव्वा मायक्रोमोलच देणारा असेल, तर ९० वॉट लागतात. मिरचीसाठी, ५०० मायक्रोमोल धरून, हेच आकडे दुप्पट होतात. म्हणजे दोन फुटी तंबूत पालेभाजी करणाऱ्याला ५०-६० वॉटचा आणि मिरची करू पाहणाऱ्याला शंभर वॉटचा उत्तम दिवा पुरतो. त्याहून मोठा दिवा फुकटात मिळाला तरी नाकारण्यासारखाच आहे.

स्वस्त दिव्याचे बिल

वरचे दोन दिवे, ४५ वॉटचा आणि ९० वॉटचा, पानांवर सारखाच प्रकाश पाडतात. दिवसाला १४ तास चालवले तर पहिला महिन्याला सुमारे १९ युनिट खातो, दुसरा ३८. हिशेबाच्या सोयीसाठी युनिटचा दर दहा रुपये धरला, तर वर्षाला सुमारे २३०० रुपयांचा फरक पडतो. दोन दिव्यांच्या किमतीतील फरक याहून कमी असेल, तर महाग दिवा वर्षाच्या आतच स्वस्त ठरतो. महावितरणच्या घरगुती दरपत्रकात १००, ३०० आणि ५०० युनिटचे टप्पे आहेत. तंबूचे युनिट हे नेहमीच्या वापरावर चढणारे युनिट असल्याने ते घरातल्या सर्वांत वरच्या टप्प्याच्या दराने मोजावेत. महिन्याला २९० युनिट वापरणाऱ्या कुटुंबाला वाढीव १९ युनिटपैकी निम्मे चढ्या दराने पडतील.

ज्यूलला किती मायक्रोमोल म्हणजे चांगला दिवा? अमेरिकेत ऊर्जाबचतीच्या सवलतींसाठी दिव्यांची यादी ठेवणाऱ्या 'डिझाइनलाइट्स कन्सॉर्शियम' या संस्थेने सुरुवातीला १.९ ही किमान अट ठेवली होती. २०२३ मध्ये लागू झालेल्या आवृत्तीत ती २.३ करण्यात आली. हरितगृहांत दीर्घकाळ वापरले गेलेले मोठे सोडियम दिवे १.७ च्या आसपास देत. लहान तंबूसाठी २.३ च्या खालचा दिवा आज घेऊ नये, आणि २.८ च्या पुढच्या दाव्यावर पुरावा मागावा. काही विक्रेते दिव्याऐवजी चिपचा आकडा सांगतात. सॅमसंगच्या 'एलएम३०१' मालिकेतील चिपने प्रयोगशाळेत, कमी प्रवाहावर आणि २५ अंश तापमानात ज्यूलला तीन मायक्रोमोलचा टप्पा ओलांडला आहे हे खरे. पण तीच चिप कमी संख्येने बसवून जोरात चालवली, पाठीमागचा ॲल्युमिनियमचा पत्रा पातळ ठेवला आणि ड्रायव्हर हलक्या प्रतीचा लावला, तर दिव्याचा आकडा कितीतरी खाली येतो. चिपचे नाव हा पुरावा नव्हे. संपूर्ण दिव्याची चाचणी केलेला अहवाल हा पुरावा.

जांभळा की पांढरा?

ग्रो लाइट म्हटले की अजूनही अनेकांच्या डोळ्यांपुढे तो जांभळट-गुलाबी उजेड येतो. त्यामागे विज्ञान आहे, पण अर्धे. पानातील हरितद्रव्य वेगळे काढून तपासले, की ते निळा आणि लाल प्रकाश जोमाने शोषते आणि हिरवा बराचसा सोडून देते, असे दिसते. त्यावरून 'रोपाला हिरवा प्रकाश नकोच' असा निष्कर्ष निघाला. तथापि, अख्खे पान म्हणजे काचेच्या नळीतील हरितद्रव्य नव्हे. टेक्सासमधील शास्त्रज्ञ के. जे. मॅक्री यांनी २२ पिकांच्या पानांवर केलेल्या मोजमापांचा निबंध १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. हिरव्या-पिवळ्या प्रकाशावरही पाने बऱ्यापैकी काम करतात, हे त्यातून स्पष्ट झाले. लाल आणि निळा वरच्या थरातच अडतो, तर हिरवा पानात खोलवर आणि पानाखालच्या पानापर्यंत झिरपतो. तंबूसारख्या दाटीच्या जागेत त्याचा फायदाच होतो.

जांभळ्या दिव्यांचा प्रसार होण्याचे दुसरे कारण एलईडीच्या इतिहासात आहे. दिसणाऱ्या लाल प्रकाशाचा एलईडी निक होलोन्याक यांनी १९६२ साली बनवला. निळ्यासाठी मात्र तीस वर्षे थांबावे लागले. तेजस्वी निळ्या एलईडीबद्दल इसामु आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा या तिघांना २०१४ चे पदार्थविज्ञानाचे नोबेल मिळाले. निळ्या चिपवर पिवळ्या फॉस्फरचा लेप देऊन पांढरा एलईडी तयार होतो. पण सुरुवातीचे पांढरे एलईडी वीज वाया घालवणारे होते. त्यामुळे नुसते लाल आणि नुसते निळे दिवे एकत्र करणे त्या काळी शहाणपणाचे होते. त्यानंतर घराघरांतील दिव्यांच्या मागणीमुळे पांढऱ्या एलईडीत इतकी सुधारणा झाली, की तंबूसाठीही तोच आधार बनला. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर २०१४ मध्ये बसवलेल्या 'व्हेजी' या छोट्या बागेत लाल, निळ्या दिव्यांबरोबर हिरवेही होते. ते मुख्यतः रोपे माणसाला नैसर्गिक रंगाची दिसावीत म्हणून. तिथे पिकलेले लाल रोमेन लेट्यूस अंतराळवीरांनी ऑगस्ट २०१५ मध्ये खाल्ले.

रोप नैसर्गिक रंगात दिसणे ही चैन नव्हे. जांभळ्या उजेडात पान पिवळे पडलेले कळत नाही, भुरी दिसत नाही, पानामागचा मावा नजरेतून सुटतो. कळते तेव्हा शेजारच्या कुंडीलाही लागण झालेली असते. या एका कारणासाठीही घरगुती वापरात पांढरा दिवा घ्यावा. पांढऱ्यातही छटा असतात आणि त्या केल्विनमध्ये सांगितल्या जातात. मरिन ड्राइव्हवरचे पिवळे सोडियम दिवे २०१५ साली काढून पांढरे एलईडी लावले गेले आणि 'राणीचा रत्नहार' फिका पडल्याची ओरड झाली, ती या छटेवरूनच. ३००० ते ३५०० केल्विनची उबदार छटा पालेभाजीपासून मिरचीपर्यंत सर्वांना चालते. ५००० ते ६५०० केल्विनच्या थंड छटेत निळा भाग जास्त असतो, त्याने रोपे बुटकी आणि घट्ट राहतात. रोपवाटिकेसाठी ती बरी. उबदार पांढऱ्याच्या जोडीला ६६० नॅनोमीटरच्या गडद लाल चिप असतील तर उत्तम, कारण विजेच्या मानाने त्याच सर्वाधिक प्रकाशकण देतात. अतिनील आणि दूर-लाल चिपसाठी वेगळे पैसे मोजण्याची गरज दोन फुटी तंबूला नाही. दूर-लालाने तर रोपे उंच होतात, आणि उंची हीच तंबूत सर्वांत कमी असलेली गोष्ट आहे.

मधोमध आणि कोपऱ्यात

जाहिरातीतील पीपीएफडीचा आकडा बहुतेक वेळा दिव्याच्या बरोबर खाली, मधोमध मोजलेला असतो. मध्यभागी ७०० आणि कोपऱ्यात १५० असे असेल, तर मधली कुंडी करपते आणि कोपऱ्यातली लांबुडकी होते. यासाठी उत्पादकाने दिलेला प्रकाशाचा नकाशा पाहावा. तळाचे चौकोन पाडून प्रत्येकात आकडा लिहिलेला असा हा नकाशा आपल्याच तंबूच्या आकाराचा आणि आपण टांगणार तेवढ्याच उंचीचा असायला हवा. चार फुटी जागेचा नकाशा दोन फुटी तंबूला लावता येत नाही. एकाच ठिकाणी सगळा जोर एकवटणाऱ्या दिव्यापेक्षा चिप पसरून लावलेला सपाट बोर्ड, आणि बोर्डापेक्षा चार-सहा पट्ट्यांचा दिवा प्रकाश अधिक सारखा पसरतो. लहान तंबूसाठी चौरस बोर्ड पुरेसा आहे. पट्ट्यांचे दिवे बहुधा मोठ्या मापांत मिळतात.

प्रकाश कमी-जास्त करणारे बटण दिव्याला असलेच पाहिजे. ते नसेल तर दिवा वर-खाली करत राहावे लागते आणि दीड मीटरच्या तंबूत वर जायला जागाच नसते. दिवा, दोरी आणि पंखा वरचे ३०-४० सेंटिमीटर खातात, कुंडी खालचे वीस. थोडा मोठा दिवा घेऊन तो ७० टक्क्यांवर चालवला, तर चिप थंड राहतात, अधिक टिकतात आणि त्याच विजेत थोडा जास्त प्रकाश देतात. सुरुवातीला पानांपासून ३५-४० सेंटिमीटर अंतर ठेवावे आणि रोपाकडे पाहून बदल करावा. रोप ताणले जात असेल तर प्रकाश वाढवावा. वरची पाने उलट्या होडीसारखी वळत असतील किंवा फिकट पडत असतील तर कमी करावा.

खरा प्रकाशमापक महाग असतो. पांढऱ्या दिव्यापुरता मोबाइलमधील लक्समापक कामचलाऊ उपयोगाचा आहे. लक्सच्या आकड्याला ६५ ते ७० ने भागले, की अंदाजे मायक्रोमोल मिळतात. १७,००० लक्स म्हणजे साधारण २५०. प्रत्येक मोबाइलचे आकडे वेगळे येतात, म्हणून नेमक्या संख्येपेक्षा मध्य आणि कोपरे यांतील फरक पाहण्यासाठी त्याचा उपयोग करावा. जांभळ्या दिव्याखाली हे गणित लागू होत नाही.

उष्णतेचा हिशेब चुकू नये

थंड देशांतील माहितीत ज्याकडे फारसे लक्ष नसते, तो मुद्दा मुंबई, ठाणे, नागपुरात सर्वांत महत्त्वाचा ठरतो. 'एलईडी गरम होत नाही' हा समज चुकीचा आहे. दिवा ६० वॉट घेत असेल, तर ते सगळे ६० वॉट अखेर तंबूत उष्णता म्हणूनच उरतात. प्रकाशही पानांवर आणि मातीवर पडून बहुतांशी उष्णताच होतो. लहान तंबूत हवा असते जेमतेम अर्धा घनमीटर. पंख्याने तासाला ६० घनमीटर हवा बाहेर फेकली, तर आतले तापमान खोलीपेक्षा सुमारे ३ अंशांनी जास्त राहते. १२० घनमीटर फेकली तर दीड अंशाने. पंखा कितीही मोठा लावला तरी तंबू खोलीपेक्षा थंड होत नाही, हे ध्यानात ठेवावे. मे महिन्यात खोली ३३ अंशांवर असेल तर आत ३५ होणार, आणि लेट्यूस २७-२८ अंशांपुढे कडवट होऊन तुऱ्यावर येते. ते वाचवण्यासाठी वातानुकूलन यंत्र चालवले, तर दिव्यात वाचवलेल्या विजेला अर्थ उरत नाही.

म्हणून दिवा निवडण्याआधी पीक निवडावे. उन्हाळ्यात किनारपट्टीच्या शहरांत बेसिल, पुदिना, माठ, अंबाडी, मिरची. लेट्यूस, पालक आणि कोथिंबीर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. दिवा रात्री चालवून दिवसा बंद ठेवला, तर उष्णता थंड वेळेत पडते आणि दोन-चार अंशांचा दिलासा मिळतो. रोपांना रात्र बाराला झाली काय किंवा दुपारी झाली काय, फरक पडत नाही. तंबूची चेन लावली की दिवसा आत काळोख असतो. ड्रायव्हर, म्हणजे विजेचा दाब बदलून चिपला देणारी डबी, तंबूच्या बाहेर ठेवता येईल असा दिवा मिळाला तर तो घ्यावा. तेवढीच उष्णता बाहेर राहते, आणि दिव्यात सहसा प्रथम नादुरुस्त होणारा हा भाग बदलणेही सोपे जाते. पावसाळ्यात उष्णतेपेक्षा दमटपणा जाच देतो. दिवा बंद झाल्यावरही आतला छोटा पंखा चालू ठेवावा, नाहीतर बुरशी पकडते.

किती तास?

पालेभाजीला १४ तास, कोवळ्या रोपांना १४ ते १६ तास पुरतात. चोवीस तास दिवा ठेवण्याचा मोह टाळावा. अखंड उजेडात टोमॅटोची पाने तर पिवळी पडून खराब होतात. परदेशी बियाण्याचा पालक १३-१४ तासांपुढील उजेडाला 'दिवस मोठा झाला' असे समजून तुरा काढतो, म्हणून त्याला बारा तासच द्यावेत आणि प्रकाश थोडा वाढवावा. कोथिंबीरही लांब दिवस आणि उष्णता एकत्र आली की घाईने फुलावर येते.

उजेडाचा हा इशारा आणि उजेडाचे अन्न या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ड्रॅगन फ्रूटच्या बागांत रात्री दिवे लावून हंगामाबाहेर फुले आणण्याचा प्रयोग महाराष्ट्रातील काही शेतकरी करतात. एकरभर बागेत लटकलेले छोटे दिवे पाहून 'एवढ्या उजेडावर फळ येते, तर घरात एक बल्ब का पुरू नये' असे वाटू शकते. तिथे अन्न दिवसा सूर्य देतो. दिवे फक्त दिवस लांबला असल्याचा भास निर्माण करतात. तंबूत सूर्य नसतो, म्हणून दिव्याला दोन्ही कामे करावी लागतात.

वेळ सांभाळण्यासाठी टायमर लागतो. गोल चकतीचा यांत्रिक टायमर वीज गेली की थांबतो आणि आल्यावर तिथूनच पुढे चालू होतो. ज्या भागात भारनियमन किंवा वारंवार खंड आहे, तिथे महिन्याभरात रोपांची सकाळ चार-पाच तास सरकते. आत बॅटरी असलेला डिजिटल टायमर थोडा महाग, पण वेळ चुकवत नाही.

पाणी आणि वीज एकाच कपाटात

हा तंबू म्हणजे कापडी कपाटात रोज पाणी, दमट हवा आणि २३० व्होल्ट एकत्र आणण्याचा उद्योग आहे. आणि तो बऱ्याचदा लहान मुलांच्या खोलीत मांडलेला असतो. एलईडी ड्रायव्हर भारतीय मानक ब्यूरोच्या सक्तीच्या नोंदणी योजनेत येतो. त्यावर मानकाचा क्रमांक आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असावा लागतो. 'बीआयएस केअर' या मोबाइल ॲपवर तो पडताळून पाहता येतो. पार्सलने आलेल्या अनेक स्वस्त दिव्यांवर तो नसतो. दिव्याचा पत्रा धातूचा असल्याने प्लग तीन पिनांचा आणि घरातील अर्थिंग जिवंत असले पाहिजे. दोन पिनांचे रूपांतरक लावून हा दिवा चालवू नये. घराच्या वीजफलकावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल, तर दिव्याआधी तो बसवून घ्यावा. वायर सॉकेटपर्यंत सरळ वरून न आणता तिला सॉकेटच्या खाली एक झोळ द्यावा, म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी झोळातून खाली टपकते, सॉकेटमध्ये शिरत नाही. एक्स्टेन्शन बोर्ड तंबूच्या तळाशी कधीही ठेवू नये. दिवा टांगण्यासाठी आलेल्या दोऱ्यांबरोबर एक जादा साखळी अडकवावी. चालू दिव्याच्या चिपकडे थेट पाहू नये. कुंड्यांची मशागत करताना प्रकाश कमी करून घ्यावा.

ज्यांना फक्त मोहरी, मेथी, राजगिऱ्याचे मायक्रोग्रीन्स हवे आहेत, त्यांना यातले जवळजवळ काहीच लागत नाही. घरगुती वापराची २० वॉटची, २००० ल्युमेनची एलईडी ट्यूब सेकंदाला सुमारे २८ मायक्रोमोल देते. अशा दोन ट्यूब चार फूट बाय एक फुटाच्या फळीवर वीतभर उंचीवर लावल्या, की तळावर शंभरच्या आसपास मायक्रोमोल पडतात. क्षेत्रफळ तंबूइतकेच, आणि नळ्या कोपऱ्यावरच्या विजेच्या दुकानात मिळतात. दहा-बारा दिवसांत कापणीला येणाऱ्या पिकाला तेवढे पुरते. वापर ग्रो लाइटइतका काटकसरीचा नसला, तरी इतक्या कमी विजेत तो फरक किरकोळ आहे.

तंबूचा दिवा घरी आल्यावर खोके लगेच टाकून देऊ नये. प्लगमध्ये लावायचा वीजमापक मिळवून पूर्ण प्रकाशावर दिवा किती वॉट घेतो ते पाहावे. सांगितल्यापेक्षा दहा टक्क्यांहून अधिक तफावत असेल तर दिवा परत करावा. रिकाम्या तंबूत पंखा लावून तो सलग बारा तास चालवावा. त्यानंतर ड्रायव्हरला हात लावता येत नाही इतका तो तापत असेल, प्रकाश लुकलुकत असेल, किंवा चिपच्या एखाद्या रांगेचा उजेड मंद पडला असेल, तर बियाणे आणण्याआधीच ते कळलेले बरे, कारण परतीची मुदत बहुधा सात ते दहा दिवसांचीच असते आणि मेथी उगवून ताणली जाईपर्यंत ती उलटून गेलेली असते.